ना काकडी, ना चंदन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आज ज्या दोघांविषयी मी बोलणार आहे, त्या दोघांचीही नावं फसवी आहेत. समुद्रकाकडी ही काकडी नव्हे. ती वनस्पतीसुद्धा नव्हे, तो चक्क एक प्राणी आहे. आणि रक्तचंदन हे चंदन नव्हे. देवपूजेसाठी आपण सहाणेवर उगाळतो त्या सुवासिक चंदनाचं कूळ वेगळं आणि रक्तचंदनाचं वेगळं. रक्तचंदनाला चंदनाचा तो घमघमाट नसतोच. एक जीव उथळ समुद्राच्या तळाशी वाळूत लोळणारा, तर दुसरा तापलेल्या डोंगरउतारावर उभा. एकाला डोळे नाहीत, मेंदू नाही. दुसऱ्याला जागचं हलता येत नाही. मग या दोघांना एका पंगतीत का बसवायचं, असं तुम्ही विचाराल.

त्याचं कारण वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नौकेतून समुद्रकाकड्यांची पोती पकडली, ही एक नेहमीची बातमी. कंटेनरमध्ये भलत्याच मालाच्या नावाखाली लपवलेले रक्तचंदनाचे ओंडके सापडले, ही दुसरी. आपल्या न्हावाशेवा बंदरातही असे ओंडके अनेकदा पकडले गेले आहेत. दोन्ही माल निघतात दक्षिण भारतातून, आणि दोन्हींची ओढ पूर्व आशियाकडे, त्यातही चीनच्या बाजाराकडे. दोघांनाही किंमत येते ती मेल्यानंतर. गंमत अशी, की वाळवलेली समुद्रकाकडी हातात घेतली तर तीही लाकडाच्या ढलपीसारखीच लागते. कडक, काळपट आणि सुरकुतलेली.

आधी ओळख करून घेऊ समुद्रकाकडीची. जगात समुद्रकाकडीच्या सतराशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतली आपली आजची नायिका म्हणजे ‘होलोथूरिया स्कॅब्रा’. व्यापारात तिला ‘सँडफिश’ म्हणतात, पण ती मासाही नाही. तमिळ मच्छीमार तिला ‘वेल्लै अट्टै’ म्हणजे पांढरी जळू म्हणतात. अर्थात जळूशीही तिचं काही नातं नाही! आकार साधारण हातभर वांग्यासारखा, पाठ करडी-काळसर, तिच्यावर आडव्या फिकट सुरकुत्या आणि पोटाकडची बाजू पांढुरकी. आपल्या देशात ती प्रामुख्याने मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर आणि अंदमानच्या परिसरात सापडते. तिला आवडते ती सागरी गवताच्या कुरणांजवळची मऊ, चिखलट वाळू.

ती तारामाशाच्या गोतातली. तारामाशाला जसे पाच हात, तशी हिच्या शरीराचीही मूळ रचना पाच पट्ट्यांची. फक्त ती तोंडापासून शेपटीकडे लांबवलेली आहे, त्यामुळे वरवर पाहता कळत नाही. तोंडाभोवती लहान झुबकेदार स्पर्शक असतात. त्यांनी ती वाळू उचलून तोंडात घालते, वाळूच्या कणांना चिकटलेले सेंद्रिय अंश पचवते आणि स्वच्छ झालेली वाळू मागून टाकून देते. आपल्या शेतात गांडूळ जे काम करतं, तेच काम ही समुद्रात करते. ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन बेटाभोवतीच्या प्रवाळखडकावर हिच्याच एका बहिणीचा, म्हणजे काळ्या समुद्रकाकडीचा, शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार तिथल्या सुमारे तीस लाख समुद्रकाकड्या वर्षाला ६४ हजार टन वाळू पोटातून काढून स्वच्छ करतात. २०२४ साली फ्रेंच पॉलिनेशियातल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. जिथून समुद्रकाकड्या काढून टाकल्या, तिथलं प्रवाळ रोगाने मरण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. म्हणजे ही बिचारी नुसती लोळत पडलेली नसते, ती घर झाडत असते.

तिचा श्वास घेण्याचा प्रकार तर आणखी नवलाचा. ती गुदद्वारातून पाणी आत ओढते आणि ते शरीरातल्या दोन फांद्याफांद्यांच्या नळ्यांत खेळवते. प्राणिशास्त्राने या नळ्यांना नाव दिलं आहे ‘श्वसनवृक्ष’. म्हणजे आज आपण प्राण्याची आणि झाडाची तुलना करतो आहोत खरे, पण या प्राण्याच्या पोटातच दोन झाडं आहेत!

आता येऊ खऱ्या झाडाकडे. रक्तचंदनाचं शास्त्रीय नाव ‘टेरोकार्पस सँटॅलिनस’. टेरोकार्पस म्हणजे पंख असलेलं फळ. याची शेंग चपटी, गोलसर असते आणि तिच्या कडेने पातळ पंखासारखी झालर असते. वाऱ्यावर भिरभिरत ती आईपासून जरा दूर जाऊन पडते. कूळ म्हणाल तर तूर, हरभरा आणि भुईमुगाचं. आपल्या जंगलांतला बिबळा, ज्याला कोणी असाणा म्हणतात तर विदर्भात बीजा म्हणतात, तो याचा सख्खा चुलतभाऊ. बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पिणारी मधुमेही मंडळी तुमच्या ओळखीत असतील.

बिबळा देशभर आहे, पण रक्तचंदन निसर्गतः उगवतं ते पूर्व घाटाच्या दक्षिण टोकाला. आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम, वेलिकोंडा, लंकामल्ला, पालकोंडा अशा डोंगररांगा आणि लगतचा तमिळनाडूचा थोडासा भाग, एवढंच त्याचं घर. जगात दुसरीकडे कुठेही त्याचं नैसर्गिक रान नाही. तिरुपतीला गेलेल्या मराठी माणसाने हे डोंगर पाहिलेले असतात, कारण तिरुमला हा शेषाचलमचाच भाग. खडकाळ, कोरडी, भुकेली जमीन आणि कडक ऊन, यातच हे झाड रमतं. उंची बेताची, दहा-पंधरा मीटर. पान तीन पर्णिकांचं, बेलाची आठवण करून देणारं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिवळ्या, मंद सुगंधाच्या फुलांचे घोस लागतात आणि त्यांच्यावर मधमाश्यांची झुंबड उडते.

पण मोल फुलांना नाही, गाभ्याला आहे. बाहेरचं लाकूड पांढुरकं, आणि आत दडलेला गाभा गर्द लाल, पुढे जांभळट काळा होत जाणारा. हे लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यातल्या लाल रंगद्रव्याला ‘सँटॅलिन’ म्हणतात. आपल्याकडे जुन्या घरांतून रक्तचंदनाची बाहुली असायची. मुलाला मुका मार लागला, सूज आली की आजी ती बाहुली सहाणेवर उगाळून लेप लावायची. तमिळ घरांत नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीत ‘मरपाची’ म्हणून याच लाकडाची जोडी मानाने बसते. चिनी लोकांनी याला ‘जांभळं चंदन’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि मिंग व छिंग राजवटीत त्याची सिंहासनं, कपाटं, पडदे घडवले. बीजिंगमध्ये १९९९ साली या लाकडाचं स्वतंत्र संग्रहालयच उभं राहिलं. जपानमध्ये तंतुवाद्यांसाठी ते वाखाणलं जातं. ज्या झाडांच्या लाकडात लहरींसारखी नागमोडी रेष असते, त्यांना तर फारच भाव.

तिकडे समुद्रकाकडीची किंमत जिभेवर ठरते. चिनी भाषेत तिला ‘समुद्राचं जिनसेंग’ म्हणतात. ती शक्तिवर्धक समजली जाते आणि मेजवानीत ती वाढणं हा यजमानाचा मोठेपणा मानला जातो. मन्नारच्या आखातातून हा व्यापार फार जुन्या काळापासून चालत आला आहे. काकडी पकडायची, आतडी काढायची, उकळायची, मग वाळूत पुरून वरचा चुनखडीचा थर कुजवून काढायचा, पुन्हा उकळायची आणि उन्हात वाळवायची. या सगळ्यात तिचं वजन दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरतं. किलोभर सुक्या मालासाठी किती जीव लागत असतील, याचा अंदाज यावरून करावा.

आता तुलनेकडे वळू. नात्याने पाहिलं तर या दोघांचे पूर्वज शंभर कोटी वर्षांहूनही आधी एकमेकांपासून वेगळे झाले. उलट समुद्रकाकडी ही आपल्याला आश्चर्य वाटावं इतकी जवळची. गर्भाच्या वाढीची पद्धत पाहून प्राणिशास्त्रज्ञ सांगतात, की तारामासा आणि समुद्रकाकडी यांचा गोत झुरळ, गोगलगाय किंवा गांडूळ यांच्यापेक्षा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला अधिक जवळचा आहे.

असं असूनही दोघांनी जगण्याचे काही प्रश्न सारख्याच रीतीने सोडवले आहेत. पळून जाता येत नसेल तर शत्रूपासून बचाव कसा करायचा? एक उत्तर म्हणजे रसायनं. रक्तचंदनाच्या गाभ्यात अशी द्रव्यं साठतात, की वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. समुद्रकाकडीच्या कातडीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात, जी माशांना विषारी ठरतात. सॅपोनिन म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या रिठ्याला आणि शिकेकाईला विचारा. पाण्यात फेस येतो तो त्यांच्यामुळेच. ही खरं तर वनस्पतींची खासियत. प्राण्यांत ती बनवणारे थोडे, आणि त्यांत समुद्रकाकडी आणि तारामासा हे ठळक.

दुसरं उत्तर म्हणजे पुन्हा वाढणं. अनेक समुद्रकाकड्या फार छळ झाला तर स्वतःची आतडी बाहेर फेकून देतात, शत्रू त्यात गुंततो आणि काही आठवड्यांत नवी आतडी तयार होतात. रक्तचंदनाचं झाड तोडलं तरी बुंधा जिवंत असेल तर त्याला धुमारे फुटतात. कोट्यवधी वर्षांत घडलेल्या या युक्त्या मासे, खेकडे, वाळवी, वणवा यांच्यापुढे पुरेशा होत्या. माणसापुढे मात्र त्या उलट्याच पडल्या. उकळलं की समुद्रकाकडीचं विष निघून जातं. आणि वाळवी लागत नाही म्हणूनच तर फर्निचरवाल्याला रक्तचंदन हवं असतं.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादा जीव दुर्मीळ झाला म्हणजे नेमकं काय होतं? आपण मनात आकडा धरतो. इतके होते, इतके राहिले. पण या दोघांच्या बाबतीत किती उरले याइतकंच, किंबहुना त्याहून अधिक, एकमेकांपासून किती अंतरावर उरले याला महत्त्व आहे.

समुद्रकाकडीत नर आणि मादी वेगळे असतात, पण ते जवळ येऊन मीलन करत नाहीत. योग्य वेळ आली की नर आपलं बीज आणि मादी आपली अंडी सरळ पाण्यात सोडून देते. एक मादी दहा लाखांच्या घरात अंडी सोडते. ऐकून वाटतं, मग काळजी कशाची? पण समुद्र मोठा आहे. नर चार-पाच हातांवर असेल तर ती अंडी फळतात. तो शंभर हातांवर असेल तर बीज पाण्यात पातळ होऊन जातं आणि दहा लाख अंडी फुकट जातात. म्हणजे एखाद्या खाडीत शंभर काकड्या शिल्लक आहेत म्हणून ती खाडी सुरक्षित, असं म्हणता येत नाही. त्या शंभर विखुरलेल्या असतील तर त्या शंभर एकट्या काकड्या आहेत. तिथे कुटुंब नाही.

रक्तचंदनाचं काम वाऱ्यावर किंवा लाटेवर नाही, मधमाशीवर चालतं. त्याचा कल परपरागीकरणाकडे आहे, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जायला हवा. फुलं हजारोंनी येतात, शेंगा त्यामानाने थोड्याच धरतात. त्यांतलंही प्रत्येक बी रुजत नाही. जे रुजतं ते वणव्यातून आणि चरणाऱ्या जनावरांतून वाचलं पाहिजे. मधमाशी दूरवर उडते हे खरं, पण आसपासची मोठी, भरपूर फुलणारी झाडं तोडली गेली की उरलेल्याला सोबती राहत नाही. आणि तस्कर नेमकी तीच झाडं तोडतो, कारण लाल गाभा मोठ्या झाडातच असतो. समुद्रातही तसंच. पकडणाऱ्याला मोठी काकडी हवी, आणि सर्वाधिक अंडी देणारीही तीच. धान्य विकून बियाणंही विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याची जी अवस्था होते, ती या दोन्ही ठिकाणी होते.

इथपर्यंत दोघांची गोष्ट सारखी. फरक पडतो तो काळाचा. समुद्रकाकडी दीड-दोन वर्षांत वयात येते. रक्तचंदनात विकण्याजोगा गाभा तयार व्हायला काही दशकं लागतात. एका पिढीने लावावं आणि पुढच्या पिढीने पाहावं, असं ते झाड आहे. म्हणजे समुद्राला थोडी उसंत आणि पुरेसे जोडीदार मिळाले, तर एखादी खाडी आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा भरू शकते. डोंगराच्या बाबतीत मात्र आज झालेली चूक नातवंडांच्या काळापर्यंत पुरते.

मग कायद्याने काय केलं? गंमत म्हणजे ज्याला लवकर सावरता येतं त्या समुद्रकाकडीला कायदा अधिक कडक लागला. १९८२ साली केंद्र सरकारने तीन इंचांहून लहान सुक्या काकडीच्या निर्यातीवर बंदी घातली. लहान पिल्लं वाचावीत हा हेतू. तो पुरेसा ठरला नाही. २००१ साली सर्वच समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. म्हणजे कायद्याच्या लेखी ही वाळूतली काकडी थेट वाघाच्या शेजारी जाऊन बसली. रक्तचंदनाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. जंगलातल्या झाडाच्या निर्यातीला आपल्याकडे मनाई आहे. पण शेतकऱ्याला हे झाड आपल्या जमिनीत लावता येतं आणि परवाने घेऊन विकताही येतं. सरकार जप्त केलेल्या ओंडक्यांचे लिलावही करतं. जागतिक संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत मात्र दोघं एकाच रकान्यात आहेत, ‘संकटग्रस्त’. सँडफिश तिथे २०१३ साली गेली. रक्तचंदनाला २०१८ साली थोडी बढती मिळाली होती, ती २०२१ साली परत घेऊन त्याला पुन्हा याच रकान्यात टाकावं लागलं.

या कायद्यांचा भार कोणावर पडला, हेही पाहिलं पाहिजे. रामेश्वरम, मंडपम, किळक्करै या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या बुडी मारून काकडी काढणारी कुटुंबं होती. २००१ नंतर त्यांचा धंदा एका रात्रीत गुन्हा झाला. मासे पकडताना जाळ्यात काकडी आपोआप येते. ती परत टाकायची, नाहीतर तुरुंग. समोर तीस किलोमीटरच्या आसपास पाणी ओलांडलं की श्रीलंका, आणि तिथे परवाना घेऊन काकडी पकडणं कायदेशीर. मग आपल्याकडची काकडी चोरवाटेने तिकडे जाते आणि तिकडची म्हणून पुढे निघते. बंदीमुळे पकड थांबली नाही, पकडीची नोंद मात्र थांबली. पूर्वी किती माल किनाऱ्याला लागला याचा आकडा शास्त्रज्ञांना मिळत असे, आता तो मिळतो फक्त जप्तीच्या पंचनाम्यात.

डोंगरावरची कथा अधिक रक्तरंजित आहे. ‘पुष्पा’ या २०२१ सालच्या तेलुगू चित्रपटाने रक्तचंदनाचा तस्कर घराघरांत पोचवला. पडद्यावर तो नायक आहे. खऱ्या शेषाचलममध्ये कुऱ्हाड चालवणारा माणूस बहुधा तमिळनाडूच्या जव्वादू टेकड्यांतला किंवा तिरुवण्णामलै, धर्मपुरी, सेलम भागातला गरीब मजूर असतो. ७ एप्रिल २०१५ रोजी तिरुपतीजवळच्या जंगलात आंध्र पोलिसांच्या कृती दलाने केलेल्या गोळीबारात असे वीस जण ठार झाले. आमच्यावर हल्ला झाला म्हणून गोळ्या झाडल्या, असं पोलिसांचं म्हणणं. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले. त्या दिवशी मेले ते लाकूडतोडे. त्या लाकडाचं सिंहासन करून विकणारा माणूस त्या जंगलात कधी पाऊलही टाकत नाही.

म्हणून नुसती बंदी हवी की नको, असा प्रश्न विचारून भागत नाही. या दोन जिवांच्या स्वभावात जो फरक आहे, तो उपायातही दिसला पाहिजे.

समुद्रकाकडीच्या बाबतीत आपल्या हाती एक मोठं साधन आहे, आणि ते आपल्याच देशात घडलं आहे. १९८८ साली तुतिकोरिन इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या डॉ. डी. बी. जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सँडफिशची पिल्लं टाक्यांमध्ये तयार करून दाखवली. जगात हे प्रथमच घडलं. पुढे ही विद्या इतर देशांत बहरली. मादागास्करमध्ये किनाऱ्यावरची कुटुंबं समुद्रात कुंपण घालून उबवणी केंद्रातली पिल्लं वाढवतात आणि विकतात. व्हिएतनाममध्ये, श्रीलंकेत तिची शेती होते. आपल्याकडे मात्र कायदा टाकीत जन्मलेली काकडी आणि समुद्रातून उचललेली काकडी यांत फरक करत नाही, त्यामुळे जिथे ही विद्या जन्मली तिथेच ती प्रयोगशाळेच्या दाराशी थांबली आहे. शेतीचेही धोके आहेत. शेतांतून चोऱ्या होतात, किनाऱ्याची जागा कोणाची यावरून भांडणं होतात. उत्तर श्रीलंकेतल्या मच्छीमारांनी अशा शेतांविरुद्ध तक्रारी केल्या आहेत. पण निदान काही पिल्लं वाढवून परत समुद्रात, एकमेकांच्या जवळ सोडण्याचं काम बंदी न उठवताही करता येईल. आणि त्या कामावर बुडी मारणाऱ्या त्याच कुटुंबांना नेमता येईल, कारण काकडी कुठे असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

दुसरं उदाहरण लक्षद्वीपचं. तिथे २०२० साली चेरियापाणी प्रवाळखडकाभोवती २३९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र समुद्रकाकडीसाठी राखीव झालं. केवळ समुद्रकाकडीसाठी राखलेलं हे जगातलं पहिलं क्षेत्र. त्याचं मोल माझ्या मते याच अंतराच्या गणितात आहे. एका जागी दाट वस्ती टिकली, तर तिथली अंडी फळतील आणि पिल्लं प्रवाहाबरोबर आसपासच्या समुद्रातही पोचतील.

रक्तचंदनाला मात्र टाकीतलं पिल्लू वाचवू शकत नाही. रोपवाटिकेत रोपं लाखांनी होतात, पण रोप म्हणजे जंगल नव्हे. उभी असलेली जुनी झाडं राखणं, याला तिथे पर्याय नाही. आणि ती राखायची तर शेषाचलमच्या पायथ्याची गावं आणि जव्वादूचे मजूर यांना कुऱ्हाडीहून बरी मजुरी दुसरीकडे मिळायला हवी. लागवडीचं लाकूड बाजारात आलं तर जंगलावरचा ताण हलका होईल, ही आशा रास्त आहे. पण लागवडीच्या नावाखाली जंगलातला ओंडका खपवला जाणार नाही, याची पारख पक्की हवी.

आपल्या शेतकरी बांधवांनाही एक सांगावंसं वाटतं. ‘रक्तचंदन लावा आणि करोडपती व्हा’ अशा जाहिराती महाराष्ट्रात गावोगाव फिरतात. झाड लागेलही. पण गाभा भरायला दशकं लागतात, आणि मूळ डोंगरातला खडक, ऊन, दुष्काळ यांनी जो गाभा घडतो तो काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत तसाच घडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. लावायचं तर बांधावर लावा, सातबाऱ्यावर नोंद करा, वन खात्याकडे चौकशी करा आणि नातवंडांसाठी लावा. कर्ज काढून लावू नका.

आणि घरात जुनी रक्तचंदनाची बाहुली असेल, तर ती जपून वापरा. उगाळून उगाळून तिचं नाक-डोळं झिजलं असेल, तरी आत लाकूड तेच आहे. बाजारात आज त्या नावाने मिळणाऱ्या लाल भुकटीत खरं रक्तचंदन किती आणि नुसता रंग किती, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. घ्यायचंच असेल, तर माल कुठून आला हे सांगू शकणाऱ्या दुकानातूनच घ्या.